बेशिस्त ठोकळा

मोडतोडे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. पण कारखान्यात कुणाला त्याचं खरं आडनाव विचारलं असतं, तर माणूस डोकं खाजवत बसला असता. कोळसा कापायची यंत्रं बनवणारा तो कारखाना आणि हा तिथल्या चाचणी विभागाचा प्रमुख. बाकीच्यांनी घाम गाळून जे जोडायचं ते ह्याने मोडून दाखवायचं, ह्याचा त्याला पगार मिळे. खाणीत जाऊन मोडण्यापेक्षा इथे आमच्या डोळ्यांसमोर मोडलेलं बरं, असं तो प्रत्येकाला समजावून सांगायचा. बोलणं खरं होतं, पण ज्याचं मोडलं त्याला ते त्या घटकेला गोड लागत नसे.

आता अशा माणसाने लग्न कुणाशी करावं? एखाद्या शिक्षिकेशी करावं, डॉक्टरणीशी करावं. ह्याने केलं ते त्याच कारखान्यात यंत्रांचे आराखडे करणाऱ्या बाईशी. म्हणजे ती कागदावर यंत्र उभं करणार आणि हा ते आडवं करणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हणून घरात एक नियम होता, की उंबरठ्याच्या आत यंत्राचं नाव काढायचं नाही. नियम त्याच्या आईने घातला होता. सासू-सुनेचा रोज संध्याकाळी सापशिडीचा डाव रंगायचा आणि नवरा-बायकोच्या वादात आईचा जिंकत आलेला डाव विसकटायचा. जिंकत आलेला म्हणजे काय, तर म्हातारी बेमालूम लबाडी करायची. फासा हातातून सुटायच्या आधीच तिला दान ठाऊक असायचं, असं सून हसत हसत सांगे, पण तिने सासूला कधी पकडून दिलं नाही.

बायकोचं नवं यंत्र हे त्या घरातलं न बोललं जाणारं तिसरं अपत्य होतं. पहिली दोन मोडतोड्याने मोडली होती.

कोळसा कापायचं यंत्र म्हणजे तसं साधं प्रकरण. पोलादाचं एक जाडजूड पिंप आडवं फिरतं, त्याच्या अंगभर दाते असतात, आणि ते कोळशाच्या भिंतीला टेकवलं की भिंत पोखरत जातं. नुसता कोळसा असता तर यंत्राने आयुष्यभर सुखाने खाल्ला असता. पण कोळशाच्या पोटात दगड दडलेले असतात. कुठे, केवढे, एक की चार, हे आधी कळत नाही. दात्याला दगड लागला की त्याचा हिसका पिंपातून शाफ्टच्या दांड्यात, शाफ्टमधून गिअरबॉक्समध्ये आणि तिथून यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाडांत जातो. गिअरबॉक्सचे दाते तुटले की पाळी बंद, आणि माणसाच्या हाडांचं काय होतं ते त्याच्या घरच्यांना विचारावं.

ह्यावर बायकोने एक उपाय काढला होता. मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तिने एक लांब, सडपातळ शाफ्ट घातला. हिसका बसला की तो पीळ खाणार, हिसका गिळणार आणि मग सावकाश पीळ सोडणार. पिंपावरचे दातेही तिने जिन्यासारखे वळणावर बसवले, म्हणजे सगळ्यांनी एकदम दगडावर तुटून पडू नये. पहिल्या खेपेला तिचा शाफ्टच तुटला. दुसऱ्या खेपेला शाफ्ट टिकला आणि गिअरला तडा गेला. दोन्ही वेळा मोडतोडे तो तुकडा हातात घेऊन तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, मांजराने उंदीर आणून ठेवावा तसा. दोन्ही वेळा ती त्याच्याशी आठवडाभर फक्त कामापुरतं बोलली.

तिसऱ्या खेपेच्या आधी थोरल्या साहेबांनी सरळच सांगून टाकलं, की आता शेवटचं. हेही मोडलं तर बाहेरून तयार आराखडा विकत घ्यायचा, आणि बाईंनी सुट्या भागांच्या विभागात जाऊन नटबोल्टांची मापं तपासायची. साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्याही डोक्यावर साहेब होते.

चाचणी व्हायची ती एका कृत्रिम कोळशाच्या भिंतीवर. सिमेंट आणि कोळशाचा भुगा कालवून मोठा ठोकळा ओतायचा, आणि ओततानाच त्यात दगडगोटे पेरायचे. गोटे कुठे पडावेत ते संगणक ठरवायचा. त्याचा अस्ताव्यस्त नकाशा छापून गवंड्याच्या हातात दिला जाई. ह्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. त्याच्या हातची भिंत आणि ओळंब्याची दोरी शेजारी शेजारी धरली तर दोरीलाच शंका यावी. पूर्वी ठोकळे दुसरा कुणी ओतायचा. तो निवृत्त झाला आणि हा पहिला ठोकळा ओळंब्याने ओतला.

त्या दिवशी यंत्र सुरू झालं आणि लोण्यातून सुरी जावी तसं ठोकळ्यातून आरपार गेलं. मोडतोड्याने वेग वाढवला, दाब वाढवला, नेहमीचे सगळे छळ करून पाहिले. यंत्र एका सुरात घुमत राहिलं. शेवटी मोटर बंद केली तेव्हा थोरल्या साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. आराखडा विभागातल्या पोरींनी बाईंना उचलायचंच बाकी ठेवलं. बायकोने गर्दीतून नवऱ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मोडतोड्याला आपण इतकी वर्षं काय पाप करत होतो असं वाटलं.

सगळे पांगल्यावर तो यंत्राचा आलेख बघायला बसला. बसलेला प्रत्येक हिसका आलेखात एका सुळक्यासारखा दिसतो. सुळके होते, भरपूर होते. पण ते कंगव्याच्या दातांसारखे सारख्या अंतरावर आणि ठरावीक क्रमाने उंच-बुटके होते. त्याने आलेख उलटा धरून पाहिला, चष्मा पुसून पाहिला. मग तो उठून कापलेल्या ठोकळ्यापाशी गेला. ठोकळ्याच्या पोटात गोटे ओळीने बसले होते. मोठा, मध्यम, लहान, पुन्हा मोठा, मध्यम, लहान. एखाद्या बागेच्या कडेला लावावेत इतके देखणे.

त्याने ओळंब्याला हाक मारली. ओळंबा आला तो शाबासकी घ्यायच्या तयारीने. नकाशा पाहिला नव्हता का, असं विचारल्यावर त्याने पाहिला होता, चांगला नीट पाहिला होता, असं सांगितलं.

"पण साहेब, संगणकाला काय कळतं? एका कोपऱ्यात तीन धोंडे एकमेकांच्या उरावर, आणि पलीकडे हातभर मोकळं. ते बरं दिसेना. मी आपले जरा सारखे करून घेतले."

मोडतोड्याला हसावं की रडावं कळेना. ज्याने जन्मात एक वीट वाकडी लावली नाही त्याला आपण गबाळेपणा करायला सांगितला होता, मग दोष कुणाचा? पण घोळ व्हायचा तो झाला होता. सारख्या अंतराने बसणारा धक्का यंत्राला सोसतो, कारण पुढचा यायच्या आत शाफ्टचा पीळ सुटलेला असतो. सारख्या पायऱ्यांचा जिना अंधारातही उतरता यावा तसं ते झालं होतं. खरा कोळसा ताल धरत नाही. पहिल्या धक्क्याचा पीळ सुटायच्या आत दुसरा बसला आणि त्याच्यावर तिसरा, तर हे यंत्र काय करील, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो घरी गेला तेव्हा बायको गुणगुणत भाजी चिरत होती. आईने तिच्या यशाबद्दल तिला एक डाव खरोखर जिंकू दिला होता, त्याचंही कौतुक चाललं होतं. मोडतोडे ताटावर बसला. इकडे आड आणि तिकडे विहीर. साहेबांना कळलेलं नाही, आलेख बघायची कुणाला सवय नाही, ओळंब्याला तर त्यात वावगं काही दिसतच नाही. गप्प बसलं तर घरात आनंदीआनंद. आणि पुढेमागे कुठल्याशा खाणीत ते यंत्र एखाद्याच्या हाताखाली फुटलं तर तेव्हाही ते आपल्या बायकोचंच असेल. तो भात नुसताच कालवत बसला. आईने दोनदा त्याच्या ताटाकडे बघितलं. शेवटी त्यानेच घरातला नियम मोडला आणि सगळं सांगून टाकलं. गोटे, ओळी, कंगवा, सगळं.

बायकोने आपलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुला हे केव्हा कळलं?"

"संध्याकाळी."

"आणि तू आत्ता सांगतोयस. मी इथे गाणी म्हणत होते तेव्हा तू तोंड धूत होतास." ती खरंच चिडली होती. "मला मशीन पास व्हायला हवंय, रे. मला पास म्हणवून घ्यायचं नाहीये."

मोडतोड्याने जपून आठवण करून दिली, की ह्या वेळी मोडलं तर नटबोल्ट. ती म्हणाली की तिला ऐकू येतं आणि लक्षातही राहतं. मग तिने ताट पुढे ओढलं आणि दोन घास जास्तच जेवली. आईने एवढंच म्हटलं, की सुंभ जळाला तरी आमच्या सुनेचा पीळ जायचा नाही. ही नालस्ती नसून कौतुक आहे, हे त्या घरात सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी थोरले साहेब वैतागले. उत्तीर्ण झालेला मुलगा आपण होऊन पुन्हा परीक्षेला बसतो असं म्हणतोय, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण बाई हटेनात. त्यांची आणखीही एक मागणी होती. नवा ठोकळा दोन सारख्या भागांचा हवा, एक भाग खाणीत सध्या चालणाऱ्या जुन्या यंत्राला आणि एक नव्याला. दोघांच्या पानात एकच वाढप पडलं पाहिजे, तरच कोण बरं ते कळेल. आणि यंत्र चालवायला खाणीतला खराखुरा चालक हवा. साहेबांनी डोक्याला हात लावून होकार दिला, मात्र अट तीच ठेवली.

आता प्रश्न उरला तो गबाळेपणाचा. नकाशा पुन्हा ओळंब्याच्या हातात द्यायची सोय नव्हती, कारण जित्याची खोड. ओळंब्याने डोळे मिटून गोटे टाकून दाखवले, तरी ते चौकटीत पडले. मग भांडारपालाला बोलावलं. त्याने आधी गोट्यांची आकाराप्रमाणे वर्गवारी केली आणि मगच हात लावला. हिशेबनिसाने डावीकडून सुरुवात करून उजवीकडे संपवलं. आराखडा विभागातल्या एका मुलीने पुष्कळ पसरून टाकले, आणि शेवटी सगळ्यांनी मान तिरपी करून बघितल्यावर त्यातून एक फूल निघालं. सगळा कारखाना नेटक्या माणसांनी भरलेला, आणि बेशिस्त म्हणून कुठे औषधालाही सापडेना.

तेव्हा बायकोने सासूला आणायचं ठरवलं. कुणालाच आधी ठाऊक नसेल असं काही हवं होतं, म्हणजे कुणी सुधारायला जाणार नाही. फाशाइतकं बेभरवशाचं दुसरं काय आहे? मोडतोडे हबकला. त्याने बायकोला बाजूला घेऊन विचारलं, की आपल्या आईच्या हातात फासा म्हणजे काय ते तुला माहीत आहे ना. आणि म्हातारी तर उघड उघड सुनेच्या बाजूची. बायको म्हणाली, "त्यांना मी विचारलंय."

काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, ते तिने सांगितलं नाही.

आई खुर्ची टाकून साच्याच्या कडेला बसली. मांडीवर एक जुनी काठी, हातात दोन फासे. साच्याच्या दोन्ही भागांत दोऱ्या ताणून सारखेच सहा चौकोन केले होते. पांढऱ्या फाशाने चौकोन ठरायचा आणि तांबड्याने गोटा. एक पडला तर काही नाही, सहा पडला तर सगळ्यात मोठा. दान एकदाच टाकायचं आणि दोन्ही भागांत एकाच जागी एकसारखे गोटे ठेवायचे. ओळंबा माल ओतायचा, थापीने सपाट करायचा, आणि मग त्याचा हात नकळत एखाद्या गोट्याकडे वळला की म्हातारीची काठी त्याच्या मनगटावर हलकेच टेकायची. दुपारपर्यंत बिचाऱ्याने ठोकळ्याकडे पाठ करून काम करायची कला साधली.

मोडतोडे मात्र डोळ्यांत तेल घालून आईच्या बोटांकडे बघत होता. लहानपणापासून त्याला ती बोटं माहीत होती. आता अंगठा कुठे सरकेल, आता मूठ कुठे थांबेल. काहीच होत नव्हतं. फासे हवेत उडायचे आणि कसेही पडायचे. थरामागून थर चढत होता, गोटे कुठे गर्दी करत होते, कुठे अजिबात नव्हते.

बऱ्याच वरच्या थरात पांढऱ्यावर तीन पडला आणि तांबड्यावर सहा. सगळ्यात मोठा एकेक गोटा दोन्ही भागांत ठेवला गेला. पुन्हा तीन आणि सहा. दुसरे मोठे गोटे पहिल्यांना चिकटून बसले. तिसऱ्यांदा फासे उडाले, कठड्याला आपटले, आणि परत तीन आणि सहा. पाठ करून बसलेला ओळंबाही वळला. मोडतोड्याच्या मनात आलं, की आता आई सहज म्हणेल, फासा कठड्याला लागला, हे दान बाद. सापशिडीत ती हे शंभरदा म्हणाली होती. आईने सुनेकडे बघितलं. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिने मान हलवली, ठेवा म्हणून.

"ठेव रे," आई ओळंब्याला म्हणाली. आणि लेक टक लावून बघतोय हे पाहून म्हणाली, "काय बघतोस? घरात मी खोटं खेळते, तो खेळ असतो. त्या यंत्रावर कुणाचा तरी मुलगा उभा राहणार आहे."

मोडतोडे पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

ठोकळा पक्का झाल्यावर चाचणीचा दिवस उजाडला. खाणीतून आलेला चालक धिप्पाड आणि मितभाषी होता. त्याने आधी जुनं यंत्र हातात घेतलं. उभं राहतानाच त्याने पाय फाकवले आणि दात आवळले, त्याला सवयच होती. यंत्र ठोकळ्यात शिरलं आणि दणके सुरू झाले. कधी एकापाठोपाठ एक, कधी बराच वेळ काही नाही, आणि माणूस सैल होतोय तोच पुन्हा. तीन मोठे गोटे आले तेव्हा गिअरबॉक्समधून असा आवाज आला, की थोरल्या साहेबांनी कान झाकले. यंत्र जागच्या जागी थांबलं. चालक खाली उतरून मनगटं चोळत बसला आणि कुणी चहा दिला तर तो त्याने नंतर घेतो म्हणून बाजूला ठेवायला लावला.

मग नवं यंत्र. मोडतोड्याने बायकोकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर त्याचा हात दाबाच्या चाकावर सैल पडला असता. त्याने जुन्याला दिला तेवढाच दाब दिला. चालकाने पुन्हा पाय फाकवले. दणके बसू लागले, पण शाफ्ट ते गिळत होता. पिंप जरा अडखळायचं आणि पुढे जायचं. आवाजाला ना ताल ना सूर, अगदी रद्दड. मग पहिला मोठा गोटा आला. शाफ्ट पिळला. तो सुटायच्या आत दुसरा आला, आणि त्याच्यावर तिसरा. पिंप जवळजवळ थांबलं. मोटर कण्हू लागली. बायकोने शेजारी उभ्या असलेल्या सासूचा दंड इतका घट्ट धरला, की तिथे पुढे आठवडाभर वळ राहिला. आणि मग तो सडपातळ शाफ्ट सावकाश, अंग मोडून आळस द्यावा तसा उलगडला. पिंपाने एक गचका खाल्ला, तीनही गोट्यांचे तुकडे खाली सांडले, आणि यंत्र पुढे चालू लागलं.

मोडतोडे तेवढ्यावर सोडणारा नव्हता. त्याने दाब वाढवला, मग आणखी वाढवला. ठोकळा संपला तेव्हा पिंपावरचे दोन दाते झिजून बोथट झाले होते. असले दाते खाणीत रोजच बदलतात.

साहेबांनी टाळ्यांसाठी हात उचलले, पण मोडतोड्याने त्यांना थांबवलं. त्याने गिअरबॉक्सचं झाकण उघडलं आणि बॅटरी घेऊन आत डोकं घातलं. एकेक गिअर, एकेक दाता तो बोटाने चाचपत होता. तडा नसावा असं त्याला आयुष्यात इतकं मनापासून कधी वाटलं नव्हतं, आणि म्हणूनच तो तडा असल्यासारखाच शोधत होता. एकदा सगळं बघून झाल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून बघितलं. बाहेर सगळे ताटकळले. चालक यंत्रावरून उतरलाच नव्हता. आणखी कापायला काही आहे का, असं तो ओळंब्याला विचारत होता, आणि ओळंबा त्याला सांगत होता की आहे की, पण ओळीत लावलेलं आहे, ह्या बाईंना चालत नाही.

शेवटी मोडतोडे बाहेर आला. कोपरापर्यंत तेलाने माखलेला. तो साहेबांपाशी गेला नाही, सरळ बायकोपुढे जाऊन उभा राहिला. त्याच्या हातात काहीच नव्हतं. तिने आधी त्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि मग तोंडाकडे.

"मला मोडता आलं नाही," तो म्हणाला.

ती मटकन खाली, कोळशाच्या भुग्यातच बसली. साडी काळी झाली, हात काळे झाले, त्याच हातांनी डोळे पुसले म्हणून तोंडही काळं झालं, आणि ती हसत होती की रडत होती हे सासूलाही सांगता आलं नसतं. साहेब खाणींकडून येणाऱ्या मागणीबद्दल काहीतरी बोलत होते, ते तिला ऐकू गेलं नाही.

"पुन्हा म्हण," ती नवऱ्याला म्हणाली.

तो तिच्याशेजारी भुग्यात बसला आणि त्याने पुन्हा म्हटलं. आणि मग तिने न सांगताच तिसऱ्यांदाही म्हटलं, ह्या वेळी सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.